नवोदयला लागलेली मुलगी "मले काही येत नाही" म्हणते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं, आर्णी तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. थोरली मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीपर्यंत कायम पहिली. नवोदयला, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, नंबर लागला, गावात पेढे वाटले गेले. आता ती सातवीत आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हापासून एकच सांगते : "मले काही येत नाही, माझं नाव काढून घ्या." गुण 60-65 टक्क्यांच्या घरात. वडील तीन गोष्टी विचारतात. त्या शाळेत जाऊन मुलीची हुशारी गेली का? तिला परत आणावं का? आणि धाकटा चौथीत आहे, त्याला पुढच्या वर्षी त्याच परीक्षेला बसवावं का?

हुशारी गेलेली नाही. बहुतेक करून तिला आज पाचवीतल्यापेक्षा कितीतरी जास्त येतं. उतरलं आहे ते तिचं स्वतःच्या अभ्यासाबद्दलचं मत. शिक्षणाच्या मानसशास्त्रात याला शैक्षणिक आत्मसंकल्पना म्हणतात : "मला गणित जमतं का, भाषा जमते का, मी शिकू शकते का" याबद्दल मुलाच्या मनात तयार झालेलं पक्कं मत. ज्ञान आणि हे मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढत असताना दुसरं घसरू शकतं आणि निवड करून मुलं घेणाऱ्या शाळांमध्ये हे नेहमी घडतं.

कारण साधं आहे. आपल्याला किती येतं हे मोजायला मुलाजवळ कुठलंही पक्कं माप नसतं, म्हणून ते शेजारच्या बाकाकडे पाहतं. माणूस स्वतःला आसपासच्या माणसांशी ताडून पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडलं. हर्बर्ट मार्श यांनी 1984 पासून ते शाळांमध्ये तपासलं आणि त्याला 'मोठा मासा, छोटं तळं' परिणाम असं नाव पडलं. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. एक साधारण शाळेत शिकतं, दुसरं निवडक मुलांच्या शाळेत. दुसऱ्याचं स्वतःबद्दलचं मत पहिल्यापेक्षा कमी निघतं. मार्श आणि किट-ताई हाऊ यांनी 2003 मध्ये 26 देशांतल्या 1 लाख 3 हजारांहून जास्त पंधरा वर्षांच्या मुलांची माहिती तपासली. मुलाचे स्वतःचे गुण चांगले असले की मत वर जातं, पण शाळेची सरासरी वर गेली की मत खाली येतं, असं चित्र त्यात मिळालं. शून्य म्हणजे काहीच परिणाम नाही अशा मोजणीत शाळेच्या सरासरीचा हा उलटा परिणाम सरासरी उणे 0.20 इतका होता. आकडा लहान वाटेल, पण तो सगळ्यांवर पसरलेला आहे. फक्त शेवटच्या बाकावरच्या मुलांवर होतो असं नाही, वर्गातल्या वरच्या मुलांवरही होतो. त्या 26 देशांत भारत नव्हता, पण त्यांत श्रीमंत देश होते तसे मध्यम उत्पन्नाचेही होते आणि दिशा सगळीकडे तीच होती.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून पाहा. नवोदयची सहावी जास्तीत जास्त 80 मुलांची, 40-40 च्या दोन तुकड्या. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना. म्हणजे एका तुकडीत 40 मुलं आणि त्यांतली बहुतेक आपापल्या गावच्या शाळेत पहिली-दुसरी आलेली. गावच्या पाचवीत बारा मुलं होती आणि तुमची मुलगी त्यांत पहिली होती. इथं 40 पहिल्यांपैकी एकच पहिलं येणार, वीस जण खालच्या अर्ध्यात जाणारच. कुणीही कितीही अभ्यास केला तरी हे गणित बदलत नाही. सहावीच्या पहिल्या घटक चाचणीनंतर या वीस मुलांना आयुष्यात पहिल्यांदा कळतं की आपल्यापुढे एवढी मुलं आहेत. अकरा वर्षांचं पोर त्याचा अर्थ "वर्ग जड आहे" असा लावत नाही. "मी तं ढ आहो" असा लावतं.

याला एक उलटी बाजूही आहे. निवडक शाळेत असल्याचा मान मुलाच्या मनात थोडा चढतोच. मार्श, काँग आणि हाऊ यांनी 2000 साली हाँगकाँगच्या शाळांतल्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला, त्यात दोन्ही ओढी एकाच वेळी सापडल्या. शाळेच्या नावानं मत वर ओढलं जातं, वर्गमित्रांशी तुलनेनं खाली, आणि खालची ओढ जास्त जोराची ठरते. तुमच्या मुलीच्या बाबतीत या दोन ओढी दोन वेगळ्या जागी आहेत हे ध्यानात घ्या. मान गावात मिळतो, तुलना वसतिगृहात होते. म्हणून सुट्टीत गावी आल्यावर शेजारीपाजारी "नवोदयची पोरगी" म्हणून कौतुक करतात तेव्हा तिला बरं न वाटता लाजल्यासारखं होतं. लोकांना माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, असं तिला वाटत असतं.

सगळं तुलनेवरही ढकलू नका

इथं बरेच पालक आणि शिक्षकही घसरतात. मत उतरलं आहे हे कळलं की "फक्त मनाचा खेळ आहे, होईल ठीक" असं म्हणून सोडून देतात. पण आपल्या भागातून गेलेल्या मुलांमध्ये तुलनेच्या जोडीला भाषेची खरीखुरी अडचण असते. निवड चाचणी मराठीतून देता येते. शाळा मात्र केंद्रीय मंडळाची. नियमाप्रमाणे सातवी-आठवीपर्यंत शिकवणं प्रादेशिक भाषेत आणि त्यानंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्र हिंदीतून. सातवी हा नेमका त्या वळणाचा काळ. घरी वऱ्हाडी किंवा झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी, त्यावर हिंदी आणि इंग्रजी. घरी कोलामी, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला तर ही आणखी एक पायरी. गडचिरोलीतल्या घोटच्या नवोदयमध्ये किंवा आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांमध्ये अशी मुलं येतात. त्यांच्या बाबतीत "गणित कच्चं आहे" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी गणित कोणत्या भाषेत विचारलं होतं ते पाहायलाच हवं.

म्हणून आधी तपासणी, मग सल्ला. सुट्टीत दोन दिवस पुरतात.

पहिल्या दिवशी तीन कागद करा. एकावर पाचवीच्या पुस्तकातली दहा गणितं, दुसऱ्यावर सहावीची दहा, तिसऱ्यावर सातवीच्या पहिल्या सत्रात शिकवून झालेली दहा. सगळी मराठीत लिहा, वेळेचं बंधन ठेवू नका, बाजूला बसू नका. पाचवी-सहावीच्या वीसपैकी सतरा-अठरा आली आणि सातवीची पाच-सहा आली, तर मुलगी शिकते आहे आणि सध्या जे नवीन आहे तिथंच अडली आहे. हे कोणत्याही सातवीच्या मुलाचं असतं. सहावीचीच निम्मी गेली, तर तिथं खरंच भोक राहिलं आहे आणि ते भरल्याशिवाय कितीही धीर दिला तरी उपयोग नाही. एखाद्या कागदावरची दहाच्या दहा गणितं कोरी असतील तर गणिताचा नाही, भीतीचा प्रश्न आहे. एक गणित तोंडी विचारून पाहा.

दुसऱ्या दिवशी तीच सातवीची गणितं तिच्या इंग्रजी पुस्तकातून द्या. उदाहरणार्थ : 24 क्विंटल कापसापैकी 3/8 भाग विकला, किती उरला? मराठीत विचारलं की ती 15 लिहिते आणि इंग्रजीत विचारलं की 9. म्हणजे अपूर्णांक तिला येतात. विकलेला भाग तिनं बरोबर काढला, 'रिमेनिंग' हा शब्द सुटला. अशा मुलीला गणिताची शिकवणी लावणं म्हणजे नको त्या जागी औषध. तिला हवी आहे शब्दांची वही. रोज पाच शब्द, इंग्रजी शब्द देवनागरीत, समोर मराठी आणि एक छोटं उदाहरण : न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, एलसीएम म्हणजे लसावि, डिफरन्स म्हणजे वजाबाकी करून येणारा फरक, ॲट लीस्ट म्हणजे निदान एवढे तरी. गणिताच्या पेपरात पुन्हापुन्हा येणारे असे शब्द दीडशे-दोनशेच्या पुढे फारसे जात नाहीत. रोज पाच धरले तर दीड महिन्यात ती वही पुरी होते.

मग सत्र परीक्षेची उत्तरपत्रिका मागवा, किंवा पालकभेटीच्या दिवशी शाळेत बसून पाहा. प्रत्येक गेलेल्या गुणासमोर चारपैकी एक खूण करायची : प्रश्न कळला नाही, वेळ पुरला नाही, घाईत चुकलं, मुळात येत नव्हतं. ही खूण मुलीनंच करायची, तुम्ही नाही. समजा 80 पैकी 48 मिळाले. गेलेल्या 32 मध्ये 11 प्रश्न न कळल्यामुळे, 9 वेळेमुळे, 5 घाईमुळे आणि 7 खरोखर न येण्यामुळे गेले. "मले गणित येत नाही" हे वाक्य इथं तुटतं. तिच्या हातात उरतं ते "ऋण संख्यांची वजाबाकी आणि समीकरणात चिन्ह बदलणं मला येत नाही". पहिल्या वाक्यावर काहीच करता येत नाही. दुसऱ्यावर आठ दिवसांत काम होतं. या सगळ्या उत्तरात एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा.

मत विषयागणिक वेगळं असतं

शॅव्हेलसन, ह्यूबनर आणि स्टँटन यांनी 1976 मध्ये मांडणी केली की मुलाचं स्वतःबद्दलचं मत एकसंध नसतं, त्यात विषयवार कप्पे असतात. मार्श यांनी 1986 मध्ये त्याला आणखी एक गोष्ट जोडली : मूल स्वतःची तुलना दुसऱ्यांशी करतं, तशी स्वतःच्या एका विषयाची दुसऱ्या विषयाशीही करतं. हिंदी छान चाललं आहे म्हणून गणित आहे त्याहून वाईट वाटायला लागतं, गुण बरे असले तरी.

याचा व्यवहारात फार उपयोग आहे. पोरीला बरं वाटावं म्हणून "तू कबड्डीत किती पुढे आहेस" किंवा "तुझी रांगोळी सगळ्यांत सुंदर" असं आपण सांगतो. ते सांगावं, त्याचा आनंद तिला मिळावा, पण त्यानं गणिताबद्दलचं मत तसूभरही हलत नाही. कप्पा वेगळा आहे. "तू हुशारच आहेस" हे मोघम वाक्यही तसंच वाया जातं. त्याच्या विरुद्ध पुरावा तिच्याकडे रोज असतो आणि ती तुम्हाला अडाणी किंवा खोटं बोलणारे समजते. 2006 मध्ये अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यातूनही हेच पुढे आलं की ज्या विषयातलं मत उतरलं आहे त्याच विषयावर नेमकं काम केलं तर परिणाम जास्त दिसतो. गणिताचं मत गणितानंच चढतं. ती अडली होती ते एक गणित, ती स्वतः सोडवते आणि आपण म्हणतो, "ऑगस्टमध्ये हे येत नव्हतं ना? आता आलं." एवढंच.

मोजायचं असेल तर तिच्यासाठी पाच वाक्यं पुरतात. गणित मला जमतं. नवीन धडा सुरू झाला की मला कळेल असं वाटतं. चुकलं तर मी पुन्हा करून पाहते. गणिताच्या तासाला मला बरं वाटतं. प्रयत्न केला तर पुढच्या वेळी मला जास्त येईल. प्रत्येकासमोर 1 ते 5 पैकी आकडा. हीच पाच वाक्यं मराठी, इंग्रजी, विज्ञान यांसाठीही. जूनमध्ये, दिवाळीला आणि एप्रिलमध्ये, असं वर्षातून तीनदा. सगळ्या विषयांचे आकडे एकदम पडले तर अभ्यासाबाहेर काही आहे का ते शोधा : झोप, जेवण, मैत्रीण तुटणं, कुणी छळणं, घरची आठवण. एकाच विषयात पडले तर त्या विषयाच्या उत्तरपत्रिकेकडे जा. हे आकडे वर्गात वाचून दाखवू नयेत, कुणाच्या आकड्यांशी ताडू नयेत. नाहीतर औषधच रोग होतं.

फोनवर काय बोलायचं

वसतिगृहात फोन रोज मिळत नाही. मिळतो तेव्हा पाच-दहा मिनिटं. त्या वेळात बहुतेक घरांतून पहिला प्रश्न जातो तो "काऊन, पेपर कसा गेला? कितवा नंबर आला?" हा प्रश्न थांबवा. नंबर म्हणजे दुसऱ्यांशी तुलना आणि तिचं दुखणं तिथंच आहे. त्याऐवजी विचारा : "या महिन्यात असं काय आलं जे मागच्या महिन्यात येत नव्हतं?" पहिल्यांदा ती "काही नाही" म्हणेल. तरी दर वेळी विचारा, दोन-तीन फोननंतर ती सांगण्यासाठी काहीतरी जपून ठेवायला लागते. दुसरा प्रश्न : "अडलं तेव्हा कोणाले विचारलं?" वर्गात हात वर करायची लाज हे मत उतरल्याचं पहिलं लक्षण असतं. न विचारल्यामुळे राहून गेलेलं साचत जातं आणि मग उतरलेलं मत खरं ठरायला लागतं. मत आणि गुण एकमेकांना असेच ओढत नेतात.

आणखी तीन वाक्यं घरातून जाऊ नयेत. "तू तं गावात पहिली होतीस": यानं ती जुन्याच तुलनेत अडकलेली राहते. "तुझी मेहनतच कमी पडते": ती आधीच रात्री उशिरापर्यंत बसत असेल, तर याचा अर्थ तिला एवढाच कळतो की मेहनत करूनही येत नाही म्हणजे मी खरीच ढ. आणि "त्या अमक्याचा पोरगा तुझ्याच वर्गात आहे ना, त्याचं तं चांगलं चालू आहे". एकाच तालुक्यातली दोन मुलं लागली की दोन घरांत हे सुरू होतं. मुलांची मैत्रीही त्यात जाते.

सुट्टीत रोजची शिकवणी लावू नका. सकाळी एक तास शब्दांची वही आणि राहून गेलेली गणितं, बाकी वेळ घर, शेत, मैत्रिणी. कापूस वेचायला ती आपणहून आली तर येऊ द्या. पण "तिकडे जमत नाही तं इकडे वेचायले ये" असं रागात म्हणू नका. शिक्षा म्हणून दिलेलं काम तिच्या मनात नापासाचा शिक्का होऊन बसतं.

शाळेच्या हातात काय आहे

वर्गशिक्षक किंवा हाऊस मास्टर (वसतिगृह पाहणारे शिक्षक) यांच्याशी बोलताना तक्रार घेऊन जाऊ नका, दोन-तीन नेमक्या विनंत्या घेऊन जा. गुणांची यादी क्रमवार लावली जात असेल तर ती तशी लावू नये, प्रत्येकाला स्वतःची उत्तरपत्रिका मिळावी. गुणांप्रमाणे बाक किंवा तुकडी ठरत असेल तर ते बंद व्हावं, कारण निवडलेल्या मुलांतून पुन्हा निवड केली की तोच परिणाम दुसऱ्यांदा होतो. उत्तरपत्रिकेवर मागच्या चाचणीच्या तुलनेत काय सुधारलं याची एक ओळ असावी. "नवोदयला असून एवढंही येत नाही?" हे वाक्य कुठल्याही शिक्षकाच्या तोंडी येऊ नये. प्रवेशाचा मान त्या वाक्यात मुलावरच उलटतो.

मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या कालच्या कामाशी करणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुलांचं मत चांगलं राहतं, हे जर्मनीतल्या 2005 च्या अभ्यासात दिसलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की एवढ्यानं तुलनेचा परिणाम साफ पुसला जात नाही. म्हणून शिक्षक चांगले आहेत तरी मुलगी खचली, तर त्यांना दोष देऊ नका. 40 हुशार मुलं एका खोलीत असली की ती एकमेकांकडे पाहणारच.

"मोठी झाली की आपोआप जाईल" यावरही विसंबू नका. जर्मनीतल्या मुलांवर हा परिणाम शाळा सुटल्यावर दोन आणि चार वर्षांनीही टिकलेला आढळला, 2007 मध्ये ते प्रसिद्ध झालं. याचं खरं मोल दहावीनंतर द्यावं लागतं. कोणता विषय घ्यायचा हे मुलं गुणांपेक्षाही "मला जमेल का" यावर ठरवतात. 78 टक्के गुण असलेली मुलगी विज्ञान सोडते आणि गावच्या कॉलेजातला 65 टक्क्यांचा मुलगा ते बिनधास्त घेतो. तिला येत नव्हतं म्हणून ती सोडत नाही. सहावीत बसलेलं मत तिच्या जागी बोलत असतं. मुलींच्या बाबतीत घरातूनही "झेपत नसेल तं राहू दे" हे लवकर येतं. ते येऊ देऊ नका.

परत आणायचं का

माझं स्पष्ट मत : फक्त या कारणासाठी, या वर्षी आणू नका. राहणं-खाणं-पुस्तकं मोफत, विषयागणिक शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, हे आपल्या बहुतेक गावांत आठवीनंतर मिळत नाही. त्यासमोर उणे 0.20 चा परिणाम काम करून भरून काढता येण्याजोगा आहे. एप्रिलपर्यंतचा वेळ घ्या. शब्दांची वही, उत्तरपत्रिकेवरच्या खुणा, फोनवरचे दोन प्रश्न आणि शिक्षकांशी एक बैठक एवढं मनापासून करा. एप्रिलमधले पाच वाक्यांचे आकडे दिवाळीपेक्षा एकानं जरी वर असले, तर गाडी रुळावर येते आहे. मुलीला आधीच सांगा : "एप्रिलले आपण दोघं मिळून ठरवू, तुझं ऐकल्याशिवाय ठरवणार नाही." सुटकेचा दरवाजा आहे हे कळलं की अर्धं ओझं उतरतं.

पण काही खुणा दिसल्या तर एप्रिलची वाट पाहायची नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा जेवण उडालेलं, वजन उतरलेलं, अंगावर मारल्याच्या खुणा, वसतिगृहातून निघून जाण्याचा प्रयत्न, पुन्हापुन्हा रडणं, आणि "मी नसले तर बरं" अशा अर्थाचं एकही वाक्य. हा अभ्यासाचा विषय राहिलेला नसतो. त्याच दिवशी शाळेत जा, मुलीला एकटीला भेटा, तिला एकटी ठेवू नका, गरज वाटली तर घरी घेऊन या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. कुणी छळत असेल तर चाइल्डलाइन ही मुलांसाठीची मदतवाहिनी, 1098. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, तिथं नेण्यात कमीपणा नाही.

आणि एप्रिलनंतर दोघांच्या विचारानं परत आणायचं ठरलंच, तर नीट आणा. तुलनेचा गट बदलला की मत बहुधा वर येतं, हा त्याच परिणामाचा दुसरा चेहरा आहे. पण "जमलं नाही म्हणून परत आली" असं गावात झालं, तर तो फायदा जातो. घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर ठरवून ठेवा : "आम्हीच ठरवून आणली." सत्राच्या मध्ये आणू नका. वार्षिक परीक्षा होऊ द्या, गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्या, जूनमध्ये आठवीला नाव घाला. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यानुसार चौदा वर्षांपर्यंत वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. राज्य मंडळाचं गणित-विज्ञान मराठीतून घ्यायचं की सेमी इंग्रजीतून, हे तिच्या दोन दिवसांच्या तपासणीवरून ठरवा.

धाकट्याचं काय

बसवा. पण थोरलीच्या वेळी जसं बसवलं तसं नको. परीक्षा एकदाच देता येते, पाचवीत असताना, त्याच जिल्ह्यात. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. त्यात मानसिक क्षमतेचे 40 प्रश्न 50 गुणांना, अंकगणिताचे 20 आणि भाषेचे 20 प्रत्येकी 25 गुणांना. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. हे सगळं त्याला नीट सांगा, आणि हेही सांगा की एक प्रश्न सव्वा गुणाचा आहे. यादीच्या काठावर लागलेल्या आणि हुकलेल्या मुलांत एक-दोन प्रश्नांचा फरक असतो. त्या दिवशी ताप आला, आकृतीचा एक प्रश्न उलटा वाचला, तर निकाल बदलतो. तेवढ्यावरून कुणी हुशार किंवा ढ ठरत नाही. हे परीक्षेच्या आधी सांगायचं. निकालानंतर सांगितलं तर ते सांत्वन वाटतं आणि मुलं सांत्वनावर विश्वास ठेवत नाहीत.

तयारीला रोज एक तास पुरे, दिवाळीनंतर आठवड्याला एक जुना पेपर घड्याळ लावून. कर्ज काढून दूरच्या निवासी क्लासला पाठवणं मला पटत नाही. नऊ-दहा वर्षांचं मूल वर्षभर फक्त एका यादीसाठी घराबाहेर राहिलं आणि नाव लागलं नाही, तर ते एक परीक्षा हरत नाही, एक वर्ष हरतं. गावातल्या गुरुजींनाही एक विनंती करा : चौथी-पाचवीत 'नवोदयवाले' दोन-चार वेगळे काढून शिकवू नयेत, बुद्धिमत्तेच्या आकृत्या आणि मालिका सगळ्या वर्गाला शिकवाव्यात. वेगळे काढले की मागे राहिलेल्या आठ-दहा मुलांचं मत त्याच दिवशी ठरून जातं आणि ती मुलं त्याच शाळेत राहणार असतात.

नंबर लागला तर जूनमध्ये निघण्यापूर्वी त्याला 40 पहिल्यांचं ते गणित करून दाखवा. बारा मुलांत पहिला असलेला, 40 पहिल्यांत पंचविसावा आला, तर त्याला कमी यायला लागलं का? हे त्याच्याच तोंडून काढून घ्या. ताईलाच हे समजवायला सांगा. तिला जे सोसावं लागलं त्याचा तिथं उपयोग होईल आणि दुसऱ्याला समजावताना ते तिच्याही डोक्यात बसेल.

आणि नाही लागला तर? बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या निवडक शाळांवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काठावर आत गेलेल्या आणि काठावर बाहेर राहिलेल्या मुलांच्या पुढच्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. आपल्याकडे गावची शाळा आणि नवोदय यांच्या सोयींत जास्त अंतर आहे, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा इथं लावणं बरोबर नाही. पण दुसरी एक गोष्ट इथंही लागू पडावी असं मला वाटतं. इंग्लंडमधल्या मुलांवर मर्फी आणि वाइनहार्ट यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात असं दिसलं की सारख्याच गुणांच्या दोन मुलांपैकी जे प्राथमिक शाळेत आपल्या वर्गात वरच्या क्रमांकावर होतं, ते माध्यमिकमध्ये पुढे निघालं. त्याचा स्वतःवरचा भरवसाही जास्त होता. गावच्या शाळेत वर राहिलेल्या मुलाजवळ ही पुंजी असते.

ती पुंजी कामाला लावायची जागाही आहे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल तर पात्रता, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती जिल्हा परिषद, शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, नवोदयच्या मुलांना ती मिळत नाही. अर्जासाठी सातवीचे गुण लागतात आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ जातो, म्हणून आठवीची शाळा सुरू झाली की लगेच मुख्याध्यापकांना भेटून कागदांची यादी घ्या.